गयाताईंचा संशय

कुणीही काहीही सांगितलं की गयाताई आधी विचारायच्या, "कोन म्हन्लं?" डॉक्टर आज उशिरा येणार आहेत. "कोन म्हन्लं?" औंढ्याची गाडी रद्द झाली. "कोन म्हन्लं?" सांगणाऱ्याचं नाव मिळालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आन् त्याला कोन म्हन्लं?" असं दोन पायऱ्या मागे गेलं की बहुतेक बातम्या विरघळून जायच्या. मग गयाताई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "बघ. कोनीच न्हाई म्हन्लं. आन् गावभर झालं."

हिंगोलीत एका विश्वस्त संस्थेचा दवाखाना होता. दोन हजार सातच्या सुमारास मी तिथे माहितीपत्रकं लिहिण्याच्या कामावर रुजू झाले, तेव्हा गयाताई तिथल्या मुख्य परिचारिका होत्या. वय पंचेचाळिशीच्या पुढे, अंगाने काटक, पांढऱ्या साडीची घडी कडक. मी नेमणुकीचं पत्र पुढे केलं. त्यांनी ते आधी उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली, खिडकीच्या उजेडात धरलं, मग सुलटं केलं आणि वाचण्याआधी मलाच वाचून घेतलं.

"मराठीत एम. ए. केलीस? मंग दवाखान्यात काय करनार?"

"लोकांना समजेल असं लिहिणार."

"लिवलेलं मला आधी दाखवायचं. लोक आपल्याला खरं सांगत न्हाईत, आन् आपन लोकांला खरं सांगत न्हाई. असंच चालून राहिलंय."

दवाखान्याच्या गाडीचा जुना ड्रायव्हर सांगायचा, नव्वदच्या दशकात फिरता दवाखाना घेऊन ते गावोगाव, तांड्यातांड्यांवर जायचे तेव्हापासून बाई अशाच. क्षयरोगाच्या पेशंटला विचारायच्या, "गोळ्या खाल्ल्या का?" तो "व्हय" म्हणायचा. गयाताई मान हलवायच्या, पाणी मागायच्या आणि पाणी येईपर्यंत भिंतीतल्या देवळीत हात घालून न खाल्लेल्या गोळ्यांची पट्टी बाहेर काढायच्या. रागावायच्या नाहीत. "व्हय म्हनायला काय लागतंय?" एवढंच म्हणून समोर गोळी खायला लावायच्या. त्यामुळे बरे झालेले लोक त्यांना मानत, पण त्या दारात दिसल्या की घरातल्या वस्तू पटकन जागच्या हलत.

या स्वभावाचा त्रासही होई. आमच्याकडची एक नर्स मुलगी रोज अर्धा तास आधी निघायची. वडील आजारी आहेत म्हणायची. गयाताईंचा विश्वास बसेना. एक दिवस त्या तिच्या मागोमाग एसटी डेपोपर्यंत गेल्या, तिच्याच बसमध्ये मागच्या सीटवर बसल्या आणि वारंगा फाट्याला तिच्या मागे उतरल्या. मुलीने वळून पाहिलं आणि ती रस्त्यातच रडायला लागली. वडील खरोखरच अंथरुणाला खिळलेले होते. दुसऱ्या दिवसापासून गयाताईंनी तिला सकाळची पाळी दिली आणि स्वतः संध्याकाळची घेतली. माफी मागितल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

मी आल्यानंतरच्या वर्षी संस्थेने मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी मोफत तपासणीचं शिबिर घ्यायचं ठरवलं. बॅनर मी लिहिलं, 'वंध्यत्व निवारण शिबिर'. गयाताईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "कोनी येनार न्हाई."

"का बरं?"

"त्यात वांझ हाय."

"ताई, वंध्यत्व हा शास्त्रीय शब्द आहे."

"शुद्ध करून लिवलं म्हून शिवी जात असती व्हय? उद्या बाई ह्या पाटीखालून आत गेली, तर बाहेर येताना तेच नाव घेऊन येईल."

शिबिराला तीन-चार बायका आल्या, त्याही सासूने दंडाला धरून आणलेल्या. एक जण एकटी आली होती. फाटकासमोरून दोनदा गेली, पाटीकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढून निघून गेली. गयाताई फाटकापाशीच उभ्या होत्या. त्या तिच्या मागे गेल्या नाहीत. आत येऊन मला म्हणाल्या, "हाक मारली असती तर पळाली असती."

दुसऱ्या शिबिराच्या तयारीसाठी पुण्याच्या मुख्य कार्यालयातून निखिल नावाचा तरुण आला. संस्थेचं संकेतस्थळ तो सांभाळायचा. मुलगा साधा आणि मनमोकळा होता. गयाताई त्याला न चुकता 'निखिल सर' म्हणत, आणि त्या 'सर'मध्ये किती संशय भरला आहे ते त्याला कळायला दोन दिवस लागले. शब्दाचा घोळ ऐकून तो म्हणाला, "आपण भांडायचं कशाला? लोक कुठला शब्द शोधतात ते बघू." त्याने लॅपटॉप उघडला. इंटरनेटवर तेव्हा एक नवी सोय निघाली होती. दोन-तीन शब्द शेजारी शेजारी टाकायचे. लोक त्यांतला कुठला शब्द जास्त शोधतात ते रंगीत रेघांनी समोर यायचं.

त्याने 'इन्फर्टिलिटी', 'वंध्यत्व' आणि 'मूल होत नाही' असं टाकलं. डॉक्टर, मी आणि गयाताई त्याच्या खुर्चीमागे उभे होतो. पडद्यावर एक निळी रेघ आली, इन्फर्टिलिटीची. बाकी दोन्ही शब्दांच्या रेघाच आल्या नाहीत. या शब्दांचे पुरेसे शोध नाहीत, असं खाली इंग्रजीत उमटलं.

"बघा," निखिल म्हणाला. "मराठी शब्द कुणी शोधतच नाही. 'इन्फर्टिलिटी कॅम्प' लिहू."

"ही निळी रेघ कोनाची?" गयाताईंनी विचारलं.

"लोकांची, ताई."

"कोन लोक? हिंगोलीचे का मुंबईचे?"

निखिलने खाली बोट दाखवलं. मुंबई, पुणे, दिल्ली अशी मोठ्या शहरांची नावं होती.

"आन् बाजूला आकडा काहून न्हाई?"

"आकडा ते देत नाहीत. कमी-जास्त तेवढं दाखवतात."

"म्हंजे किती ते सांगायचं न्हाई. फकस्त लय हाय म्हनायचं."

निखिल हसला. "हो, तसंच आहे खरं. पण एक सांगू? माणूस तुमच्याशी खोटं बोलेल, माझ्याशी बोलेल. एकटा बसून यंत्राला विचारताना कशाला खोटं बोलेल?"

डॉक्टरांचा कल निखिलकडे होता. बॅनर दोन-चार दिवसांत छापायला टाकायचं होतं. संध्याकाळी गयाताई माझ्या टेबलाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, त्ये पोरगं म्हन्लं ते बराबर असंल तर? आपल्या गावात कोन बसतंय त्या मशीनपुढं, ते बघायचंय मला."

डेपोजवळ इम्रानचं सायबर कॅफे होतं. एका गाळ्यात प्लायवूडची खोकी, प्रत्येक खोक्यात एक कॉम्प्युटर, समोर परकराच्या कापडासारखा पडदा. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो तसे आतले दोन मुलगे घाईने उठून पैसे देऊन गेले. इम्रान गोंधळला. "सिस्टर, आप? किसी का रिझल्ट देखना है?"

"देखना है," गयाताई म्हणाल्या आणि आधी खोक्याच्या मागे वाकून वायरी कुठे जातात ते त्यांनी पाहून घेतलं. मग आम्ही एकाच खुर्चीवर अर्ध्या अर्ध्या टेकलो.

मी शोधायच्या चौकटीत 'मूल' लिहायला म्हणून इंग्रजी 'एम' दाबला आणि खाली एक यादी लोंबली. त्या कॉम्प्युटरवर आधी बसून गेलेल्यांनी जे जे शोधलं होतं, त्यातलं त्या अक्षराचं सगळं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. त्यात मिरवणुकीच्या गाण्यांची नावं होती, मोबाइलचे भाव होते, आणि मध्ये होतं, 'मूल होण्यासाठी उपाय'. त्याच्या खाली 'मूल का होत नाही'. मी 'बी' दाबला. 'बच्चा क्यूं नहीं होता'. 'एल' दाबला, 'लग्नाला पाच वर्षे मूल नाही'. गयाताईंच्या सांगण्यावरून मी एकेक अक्षर दाबत गेले. 'डी' आला तेव्हा यादीत एक ओळ होती. मी ती वाचून दाखवली, "दोष पुरुषात असतो का."

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचली.

त्यांनी इम्रानला हाक मारली. "हे कोन लिवलं?"

इम्रानने वाकून पाहिलं आणि ओशाळला. "सिस्टर, नाम नहीं मालूम. मगर सब जेन्ट्स है. शादीवाले. मोंढे में माल लाते, गाडी को टाइम रहता तो आके बैठते. लेडीज यहाँ आती कहाँ?"

"पोरं मस्करी करत असतील."

"मस्करी करनेवाले हँसते, सिस्टर. ये लोगाँ पडदा पूरा खींच के बैठते."

गयाताई त्या ओळीकडे बघत बसल्या. त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि या वेळी त्यांना तो बसवायचाही नव्हता, असं मला वाटलं. आयुष्यभर त्यांनी एक गोष्ट धरून ठेवली होती, की हे दुखणं पुरुष कधी विचारत नाहीत, फक्त बायकोवर ढकलतात. आता तो प्रश्न कुणीतरी, पडदा ओढून, एका बोटाने टाइप केलेला समोर होता.

मी पर्समधून पेन काढलं. हे सगळं उतरवून निखिलला आणि डॉक्टरांना दाखवलं असतं तर वाद तिथेच मिटला असता. गयाताईंनी माझं मनगट धरलं.

"काय करून राहिली?"

"लिहून घेते."

"त्यानं तुला सांगितलं का? त्यानं मशीनला इचारलं. कोनी बघत न्हाई असं समजून इचारलं." मग त्या इम्रानकडे वळल्या. "म्हंजे आपन लिवलेलं मागून बसनाऱ्याला दिसतंय? हे पुसता येतं का?"

"येतं, सिस्टर."

"मंग पूस. समद्या मशीनवरचं."

इम्रान एकेका खोक्यात जाऊन पुसत गेला आणि गयाताई त्याच्या मागोमाग जाऊन स्वतः अक्षरं दाबून पाहत राहिल्या, काही उरलंय का म्हणून. रोज दुकान बंद करताना पुसायचं, असं त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. नंतर कित्येक दिवस डेपोवर जाता-येता त्या अचानक आत शिरून तपासायच्या.

परत येताना रस्त्यात त्यांनी मला स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं, की त्या औंढ्याकडच्या मेंढपाळ घरातल्या आणि भावाकडे राहतात. सोळाव्या वर्षी लग्न झालं होतं. सहा वर्षं मूल झालं नाही, म्हणून सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. काडीमोड झाली. नवऱ्याने दुसरी केली. तिलाही झालं नाही.

"तपासलं कोनी न्हाई," त्या म्हणाल्या. "ना मला, ना त्याला. नुसतं म्हन्ले."

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्यांनी कॅफेतलं एकही वाक्य सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "निखिल सर, तुमची रेघ खोटी न्हाई. पर तिच्यात आमचे लोक न्हाईत. आमचे लोक इचारतात, ते विंग्रजी अक्षरांत मराठी लिवतात, आन् ते बाप्ये हायेत. पाटी बाप्यांसाठी लिवा."

डॉक्टरांनी नकळत त्यांचाच प्रश्न विचारला, "हे कोण म्हणालं?"

"ते मी सांगनार न्हाई."

कुणाच्याही तोंडून नाव काढल्याशिवाय न राहणारी बाई नाव द्यायला नकार देत होती. निखिलनेच मार्ग काढला. त्याने इंग्रजी अक्षरांतली तशी मराठी वाक्यं स्वतः अंदाजाने लिहून संकेतस्थळावर घातली, म्हणजे कुणी तसं शोधलं तर आमचं पान सापडावं. "बघू या," तो म्हणाला. "ताईंचा अंदाज खरा असेल तर महिनाभरात कळेल." मला त्याचा तेव्हा राग आला होता, अंदाज काय, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण गयाताईंना त्याचं 'बघू या' आवडलं. त्या दिवसापासून 'सर'मधला संशय थोडा कमी झाला.

नवी पत्रकं मी लिहिली आणि त्यांनी छाटली. शेवटी उरलं ते एवढं : 'मूल होत नाही? आधी नवऱ्याची तपासणी करू. साधी असते. कुणाला सांगणार नाही.' पत्रकं इम्रानच्या प्रत्येक खोक्यात लागली, न्हाव्यांच्या दुकानांत, हळदीच्या घाऊक बाजारात, म्हणजे मोंढ्यात, फाट्यावरच्या टपऱ्यांवर लागली. लावून झाल्यावर गयाताई म्हणाल्या, "कोनी येनार न्हाई." त्यांना तसं खरंच वाटत होतं, की तसं वाटून घेतलेलं बरं वाटत होतं, ते मला सांगता येणार नाही.

शिबिराच्या दिवशी सकाळी पहिला आला तो कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा शेतकरी, तिशीतला. एकटाच. पत्रकाची घडी खिशात. गयाताईंनी त्याला दारातच अडवलं.

"बायको कुठाय?"

"घरी."

"तिला काहून न्हाई आनलं?"

"तिला कशाला आनू, बाई? तिची तपासनी तीन डाक्टरांकडं झाली. देवरशाकडं झाली. माजी एकदाबी न्हाई झाली."

"घरच्यांला म्हाइत हाय, तू इथं आला ते?"

"न्हाई. मायला कळलं तर मारील."

गयाताई केसपेपरची कोरी चिठ्ठी माझ्या हातात देऊन औषधांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी चिठ्ठी लिहिली, त्याला बाकावर बसवलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा चेहरा धुतलेला होता. दिवसभरात बरेच पुरुष आले, काही बायकांना घेऊन, काही एकटे. कुणी संकेतस्थळ पाहून आलं होतं, कुणी पत्रक वाचून. गयाताईंनी प्रत्येकाला उलटसुलट प्रश्न विचारले, पण आवाज खाली ठेवून. एकाचंही नाव बाहेर गेलं नाही.

त्यानंतर एका सोमवारी त्या मला म्हणाल्या, "सुट्टी काढ. एके ठिकानी जायचंय." आम्ही औंढ्याच्या पुढच्या एका गावात उतरलो. ते त्यांचं सासर होतं. पंचवीस वर्षांत त्यांनी त्या गावाच्या फाट्यालाही पाय लावला नव्हता.

दारात एक बाई सोयाबीन पाखडत होती. गयाताईंनी नाव सांगितलं तसं तिने सूप खाली ठेवलं आणि चटकन उभी राहिली, जणू घर परत मागायला कुणी आलं आहे. तिचं नाव यशोदा, नवऱ्याने नंतर केलेली ती दुसरी. गयाताईंनी आत न जाता उंबऱ्यापाशीच विचारलं, "तुजी तपासनी कदी झाली का?"

"न्हाई."

"माजीबी न्हाई. मंग आपल्या दोघींला ते नाव कोन ठिवलं?"

यशोदाबाई आत गेल्या आणि त्यांनी घोंगडी आणून अंथरली. ओसरीच्या टोकाला त्यांचा नवरा बसला होता, पिकल्या मिशांचा, खांद्याने झुकलेला. त्याने सगळं ऐकलं होतं. गयाताईंकडे न पाहता तो म्हणाला, "मला वाटत व्हतं. लय दा वाटलं. पर इचारू कोनाला?"

चहा झाला. निघताना यशोदाबाई रस्त्यापर्यंत पोचवायला आल्या. बसमध्ये गयाताई खिडकीशी बसल्या. औंढा मागे पडल्यावर म्हणाल्या, "खरं बोलला का गं तो?"

मी म्हटलं, "मला नाही सांगता येणार."

"मलाबी न्हाई." त्या म्हणाल्या, "धरून चालू, खरं बोलला."

पुढे लग्न होऊन मी नांदेडला गेले. गयाताई गेल्या त्याआधीच्या उन्हाळ्यात आमची शेवटची भेट झाली, ती धावतीच. त्यांच्या दहाव्याला मी हिंगोलीला आले तेव्हा भावाच्या अंगणात बायका बसल्या होत्या आणि कोपऱ्यात, कुणाच्या ओळखीची नसलेली एक म्हातारी. भावजयीला तिच्याबद्दल शंका आली. जवळ जाऊन तिने विचारलं, तुम्ही कोण, नात्याच्या का?

यशोदाबाईंनी पदर सारखा केला. म्हणाल्या, "आमाला दोघींला एकाच घरी दिलं व्हतं."